मणका मोडल्यावर काय परत येतं

मणक्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या घरात पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न फिरत असतो. चालेल ना? माझ्या आईने तो डॉक्टरांना विचारला आणि देवीलाही विचारला. देवळात प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल मागितला, उजवी पाकळी पडली, तेव्हा कुठे त्या रात्री ती दोन घास नीट जेवली. भावाने ओळखीतल्या प्रत्येक डॉक्टरला फोन करून विचारला. बायकोने कुणालाच विचारला नाही, पण माझ्या पायांवरून हात फिरवताना ती माझ्या तोंडाकडे बघायची, ते विचारणंच होतं. मीही छताच्या पंख्याकडे बघत तोच प्रश्न घोळवत होतो.

आज मी घरातल्या घरात कुबड्या घेऊन चालतो. तरीही या दुखापतीत चालण्याखेरीज दुसरे प्रश्न असतात आणि पुढचं आयुष्य कसं जाईल ते त्यांच्यावर जास्त ठरतं, असं मी अनुभवाने सांगतो. ते प्रश्न मला कुणाकडून आणि कसे कळले, ते इथे लिहितो आहे. मी गोव्यात सावईवेऱ्याजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत राहतो, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो.

मे महिना होता. पावसाआधी कौलं परतायचं काम चाललं होतं. पायाखालचा वासा मोडला आणि मी अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर कमरेवर आदळलो. कमरेत कळ आली, पण पायांत काहीच नव्हतं. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. पाय आहेत की नाहीत हे बघायला मान उचलावी लागली. शेजाऱ्याने गाडी आणली, मला उचलून मागच्या सीटवर बसवायची तयारी झाली. तेवढ्यात वाड्यावर राहणारी आरोग्य सेविका धावत आली आणि ओरडली, ‘कोणी हात लावू नका, एकशे आठला फोन करा.’ मोडलेल्या मणक्याचा माणूस बसता केला की हाडाचा तुकडा आणखी आत सरकू शकतो. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून मान, खांदे, कंबर आणि पाय एकदम, जराही न पिळता वळवले आणि फळीवर घेतलं. माशेल, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, बांबोळी. त्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, एमआरआय झाला. कमरेचा पहिला मणका, ज्याला तिथे सगळे ‘एल-वन’ म्हणतात, चेपून फुटला होता आणि त्याचा मागचा तुकडा मज्जारज्जूच्या पोकळीत घुसला होता. उंचावरून पडणाऱ्यांचा पाठ आणि कंबर जिथे जुळतात तिथला मणका बहुतेक वेळा मोडतो, असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून दाब काढला, स्क्रू आणि रॉड बसवले. सर्जननी आधीच आईला समोर बसवून सांगितलं होतं, ‘ऑपरेशनने मणका पक्का होईल, नसांवरचा दाब जाईल. मज्जारज्जूला जो मार बसायचा तो पडल्याच क्षणी बसला. तो मी शिवून देऊ शकत नाही.’ आईला ते निष्ठुर वाटलं. मला त्या बोलण्याचा आजही आधार वाटतो, कारण त्यानंतर त्या माणसाने सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर शंका घ्यावी लागली नाही.

चालेन का, या प्रश्नाला मात्र त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुखापतीनंतर मज्जारज्जू काही काळ पूर्ण गप्प होतो. त्याला स्पायनल शॉक म्हणतात. प्रतिक्षिप्त क्रियासुद्धा जातात आणि त्या परत यायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. त्या अवस्थेत पहिल्याच रात्री केलेल्या तपासणीवरून भाकीत करणं धोक्याचं. साधारण बहात्तर तासांनंतर केलेली तपासणी जास्त भरवशाची असते.

ती तपासणी मी विसरणार नाही. कापसाचा बोळा आणि पिन. दोन्ही बाजूंना ठरलेल्या अठ्ठावीस-अठ्ठावीस जागा. आधी गालावर टोचून दाखवायचं आणि मग विचारायचं, ‘मास्तर, इथे तसंच वाटतं का, कमी वाटतं, की काहीच नाही?’ हातापायांचे दहा-दहा ठरलेले स्नायू, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. माझ्या पायांचे सगळे शून्य. शेवटी हातमोजा घालून गुदद्वाराची तपासणी. मला शरमेने मरायला झालं होतं. पण सगळा निकाल तिथेच लागतो. मज्जारज्जूचं अगदी खालचं टोक गुदद्वाराभोवतीच्या कातडीला संवेदना पुरवतं. तिथपर्यंत थोडं जरी काही पोचत असेल तर दुखापत अपूर्ण, म्हणजे कुठला तरी धागा शिल्लक आहे. माझ्या उजव्या बाजूला पिन टोचलेली कळली. डॉक्टरांनी दोनदा खात्री केली आणि कागदावर ‘बी’ लिहिलं.

ही अक्षरं प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक असायला हवीत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ‘ए’ म्हणजे त्या शेवटच्या भागात ना संवेदना, ना हालचाल. अशांतले दहातले साधारण सात-आठ जण वर्षानंतरही ‘ए’मध्येच असतात. ‘बी’ म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. ‘सी’ म्हणजे हालचाल आहे, पण दुखापतीखालच्या निम्म्याहून अधिक स्नायूंत वजनाविरुद्ध उचलायची ताकद नाही. ‘डी’मध्ये निम्म्या किंवा जास्त स्नायूंत ती आहे, आणि ‘डी’वाले बहुतेक सगळे चालू लागतात. ‘ई’ म्हणजे सगळं पूर्ववत. ‘बी’मध्येही ज्याला पिनेची टोच कळते त्याला फक्त स्पर्श कळणाऱ्यापेक्षा अधिक आशा असते, कारण टोच वाहून नेणारे तंतू हालचालीच्या तंतूंच्या जवळून जातात. हे ऐकल्यावर माझ्या भावाने विचारलं, ‘म्हणजे टक्के किती?’ डॉक्टर म्हणाले, ‘टक्केवारी शंभर माणसांची असते. तुमचा दादा एक आहे. बघत राहू.’

वॉर्डात माझ्या शेजारी मडगावकडचा एक मुलगा होता, मोटरसायकलवरून पडलेला. छातीच्या वरच्या भागातला मणका, ‘ए’. पलीकडे सत्तरीतले एक आजोबा, तोंडावर आपटून मान मागे झटकली गेलेले. हाड मोडलं नव्हतं, पण मानेतल्या मज्जारज्जूच्या मध्यभागाला मार होता. आजोबा आमच्याआधी उठले आणि चालायलाही लागले. सगळा वॉर्ड त्यांचं कौतुक करायचा. पण हात लुळे होते. पेजेचा चमचा तोंडापर्यंत जात नव्हता, सदऱ्याचं बटण लागत नव्हतं. मानेतल्या त्या प्रकारात पायांपेक्षा हात जास्त अडकतात. चालणाऱ्या आजोबांना सून भरवायची आणि न चालणारा मडगावचा मुलगा स्वतःच्या हाताने जेवून मोबाईलवर मित्रांशी गप्पा मारायचा. एका माणसावरून दुसऱ्याचं काही ठरवू नये, हे मला तिथे पडल्यापडल्या उमजलं. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र ‘आमच्या मामेभावाचा मेहुणा सहा महिन्यांत धावायला लागला’ असं काहीतरी घेऊन यायचा. त्याचा मणका कुठला, अक्षर कुठलं, हे कुणालाच ठाऊक नसे.

त्या मुलाची एक गोष्ट मला फार लागली. काही आठवड्यांनी एका सकाळी तो ओरडला, ‘सर, पळयात, म्हजो पांय हाल्लो!’ खरंच गुडघा उडाला होता. त्याच्या आईने वॉर्डात साखर वाटली. संध्याकाळी डॉक्टर त्याच्याजवळ बराच वेळ बसले. स्पायनल शॉक उतरला की दुखापतीखालच्या मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते, मेंदूचा हुकूम नसताना स्नायू आखडतात आणि उडतात. मुद्दाम हलव म्हटल्यावर हललं तरच ती हालचाल धरायची. हे त्याला आदल्या दिवशी कळलं असतं तर ती संध्याकाळ त्याच्या वाट्याला आली नसती. अशी आधी सांगायची गोष्ट उशिरा सांगितली गेली की फार दुखतं.

माझ्या पायांचं उत्तर मांडीपासून यायला लागलं. आधी उजवी मांडी, झोपल्या जागी पुढे ओढण्याचा प्रयत्न केला की नुसती एक लहर. फिजिओच्या मॅडमनी बोट ठेवून सांगितलं, ‘एक गुण.’ पुढे डावीकडेही आलं. मग गुडघा सरळ करणारा स्नायू. पण घोट्याखाली काही नाही आणि नितंबांतही फारच थोडं. असं का, ते मला नीट समजावून घ्यायचं होतं, कारण सगळे सांगत होते की सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे दार बंद. त्या सहा महिन्यांच्या तारखेची मला इतकी धास्ती होती की कॅलेंडरकडे बघवत नसे.

खरी गोष्ट अशी आहे. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पण ती तिथे थांबत नाही. वर्ष-दीड वर्ष, काहींना दोन वर्षांपर्यंतही हळूहळू भर पडत राहते. माझ्या बाबतीत आणखी एक कारण होतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून खाली नसांच्या मुळांचा जुडगा जातो, घोड्याच्या शेपटीसारखा. एल-वन फुटला की मज्जारज्जूचं टोकही चेंगरतं आणि बाजूने जाणारी मुळंही. मुळं ही मज्जारज्जूसारखी नसतात. त्यांना पुन्हा वाढायला वाव असतो, पण वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून मांडीच्या स्नायूपर्यंतचं अंतर एका वर्षात कापलं जाऊ शकतं. पावलापर्यंत जवळजवळ एक मीटर, म्हणजे तीन वर्षं. आणि नस न मिळालेला स्नायू एवढा काळ थांबत नाही. तो सुकत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी उपयोग फार होत नाही. म्हणून माझ्या मांड्या आल्या आणि पावलं राहिली. हे कळल्यावर मला रडू आलं खरं, पण रात्री पावलाच्या अंगठ्याकडे टक लावून ‘हल, हल’ म्हणणं बंद झालं.

आता ज्याविषयी घरात कुणी बोलत नाही त्याविषयी. लघवी आणि शौच यांचं केंद्र मज्जारज्जूच्या त्याच टोकाशी असतं, नेमकं एल-वनच्या मागे. माझ्या बाबतीत ते केंद्रच गेलं. मांडीला जी संधी होती ती मूत्राशयाला नव्हती. चालण्यासाठी आईने नवस केले, त्यात मूत्राशयाचा नवस कुणी केला नाही. आणि आज माझा दिवस ठरतो तो मूत्राशयावर. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढायची. एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायची नाही. पाणी किती प्यायचं, कधी प्यायचं, याचा हिशेब. ही स्वतः नळी घालायची पद्धत १९७२ मध्ये अमेरिकेतल्या लॅपिडीस या डॉक्टरने रूढ केली. त्याआधी कायमची नळी, सतत संसर्ग आणि शेवटी मूत्रपिंड निकामी, असं मणक्याच्या कित्येक रुग्णांचं होत असे. मूत्रपिंडं बिघडूनच पूर्वी या दुखापतीची माणसं जायची. मला हे शिकवलं मुंबईला, हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत. तिथल्या नर्सने आरसा धरून, एकही शब्द न चुकवता, बायकोलाही समोर बसवून शिकवलं. तिला मी मनातल्या मनात अनेकदा हात जोडले आहेत. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची, त्रास नसला तरी. मी ती चुकवत नाही.

शौचाचंही तसंच. रोज सकाळी ठरल्या वेळी, हातमोजा घालून बोटाने. वाचायला नकोसं वाटेल. पण ही सवय बसली म्हणून मी शाळेत जाऊ शकतो. पती-पत्नीच्या संबंधांबद्दलही डॉक्टरांशी बोलता येतं, औषधं आहेत, मार्ग आहेत. आम्हाला तो विषय काढायला फार वेळ लागला. तुम्ही लवकर काढा.

कातडीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात समजायला अवघड काही नाही, पाळायला आहे. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. खुर्चीत बसलं की दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. बधिर पायांना शेक द्यायचा नाही. मुंबईत एका गृहस्थांच्या दोन्ही पावलांवर गरम पाण्याच्या पिशवीने भाजल्याचे फोड होते, त्यांना कळलंच नव्हतं. माझ्या वर्गातली मुलं आता मी उचलायला लागलो की आपोआप वाचन थांबवतात आणि मी बसलो की पुढचं वाक्य सुरू करतात. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात एका नातेवाइकाने स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचं गुळगुळीत पत्रक आणलं. दुसऱ्या राज्यातलं क्लिनिक, काही लाखांचा खर्च. कुळागराचा, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेचा एक तुकडा विकायची भाषा घरात झाली. मी गोमेकॉच्या डॉक्टरांना ते पत्रक दाखवलं. ते म्हणाले, मणक्याच्या दुखापतीत याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे काही विकार सोडले तर मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर हा उपचार पैसे घेऊन देणं अनैतिक मानलं आहे. खऱ्या संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. पोफळी राहिल्या. ज्यांच्या राहिल्या नाहीत अशी कुटुंबं मला पुढे भेटली, आणि त्यांचा राग मला समजतो. आशेवर असा भाव लावणाऱ्यांविषयी माझ्या मनात जराही क्षमा नाही.

हाजी अलीला माझ्या पावलांसाठी घोट्याला धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बनवल्या. त्या घालून, कोपराच्या कुबड्या घेऊन मी उभा राहिलो. मांड्या उचलतात, पण नितंबांचे स्नायू नसल्याने कंबर पुढे कोसळते, म्हणून कुबड्या सुटत नाहीत. चालायला निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो. म्हणून घरात कुबड्या, बाहेर व्हीलचेअर. खुर्चीत बसलेला दिसलो की काही जण हळहळतात, ‘परत खुर्ची आली का?’ खुर्चीमुळे मी बाजारात जातो, जत्रेला जातो, आणि तिथे पोचल्यावर बोलायला माझ्याजवळ श्वास उरलेला असतो.

घराला तीन पायऱ्या होत्या, जमिनीपासून साधारण एक हात, पंचेचाळीस सेंटिमीटर. एकास बारा या प्रमाणात उतार करायचा तर जवळजवळ साडेपाच मीटर लागतो. गवंड्याने दोन मीटरमध्ये बसवतो म्हटलं होतं. तसा उतार एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. मग अंगणाच्या कडेने वळवून चिऱ्यांचा लांब उतार बांधला, वर खरखरीत सिमेंट, कारण पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं.

नोकरीबद्दल एका कार्यालयात मला सुचवण्यात आलं की आजारपणाच्या कारणाने निवृत्ती घेतलेली बरी. मी जवळजवळ सही करणार होतो. बायकोने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम वीस वाचून काढलं होतं. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, दर्जा कमी करता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. तिने ते कलम टेबलावर ठेवलं. मी आज त्याच शाळेत आहे, वर्ग फक्त तळमजल्यावर आला.

मडगावचा मुलगा चालत नाही, आणि चालेल असं त्याला कुणी सांगितलेलंही नाही. हाताने चालवायची गाडी घेऊन तो कामावर जातो. छातीच्या वरच्या भागातली दुखापत असल्याने त्याला एका गोष्टीची कायम सावधगिरी लागते: मूत्राशय तुंबलं किंवा पोट साफ नसलं तरी रक्तदाब एकाएकी भडकतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, आणि कारण लगेच दूर केलं नाही तर जिवावर बेतू शकतं. ते त्याने एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलं आहे, अनोळखी डॉक्टरलाही दाखवता यावं म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तिथे आम्ही दोघे खुर्च्यांवर भेटलो. जेवताना आमचं बोलणं नळ्या, उशा आणि उतारांवर चाललं होतं, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे तिघे आपापल्या खुर्च्या घेऊन त्यात सामील झाले.

अलीकडे ओळखीतून फोन येतात. परवा पेडण्याहून एका बाईंचा आला, मुलगा आंब्यावरून पडला होता. त्यांनीही आधी चालण्याचंच विचारलं. मी त्यांना म्हटलं, ‘वहिनी, आधी डॉक्टरांना अक्षर विचारा, आणि गुदद्वाराशी टोच कळते का ते विचारा. नळी घालायला कोण शिकवणार तेही. आणि आज रात्री त्याच्या पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा.’ त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं, मग दबक्या आवाजात विचारलं की लघवीचं हे मुलाला कुणी सांगायचं, आईने की डॉक्टरने. मी म्हटलं, त्याची हरकत नसेल तर मी येऊन सांगतो. रविवारी भाऊ मला गाडीने तिकडे नेणार आहे.